‘एम’च्या पुढे काय लावायचं?

पदवीचा निकाल लागला, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : “आता मास्टर्स करूनच टाक.” कशात करायचं, यावर मात्र घरात एकमत होत नाही. आत्या एम.बी.ए.चं नाव घेते, शेजारचे काका परदेशातल्या एम.एस.चं, आणि वर्गातली मैत्रीण तोवर नेट-सेटचा क्लास लावून मोकळी झालेली असते. ‘एम’ने सुरू होणाऱ्या पदव्यांची यादी लांबलचक आहे. प्रत्येकीचा इतिहास वेगळा, नियम वेगळे आणि पुढच्या नोकऱ्याही वेगळ्या. या दुनियेतल्या काही भन्नाट आणि तितक्याच कामाच्या गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. वाचताना एक सूत्र हाताशी ठेवा : ज्या नोकरीवर डोळा आहे तिची जाहिरात आधी वाचायची, कॉलेजचं प्रॉस्पेक्टस नंतर.

1. परीक्षा न देता एम.ए.

ऑक्सफर्डमधून बी.ए. झालेल्याला विद्यापीठात नाव नोंदवल्यापासून 21 टर्म, म्हणजे सात वर्षं उलटली की एम.ए. घेता येतं. त्यासाठी लेक्चर नाही, पेपर नाही, प्रबंध नाही. केंब्रिजमध्येही अशीच जुनी प्रथा आहे. स्कॉटलंडची तऱ्हा आणखी निराळी. एडिंबरा, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज आणि ॲबर्डीन या जुन्या विद्यापीठांत कला शाखेची चार वर्षांची पहिलीच पदवी ‘एम.ए.’ म्हणून मिळते. म्हणजे शाळा संपली की थेट एम.ए.! अक्षरं तीच असली तरी देश बदलला की त्यांचं वजन बदलतं. म्हणूनच परदेशी पदवी घेऊन इथे प्राध्यापकीसाठी अर्ज करणाऱ्याला समकक्षतेचा दाखला जोडावा लागतो.

2. एम.एस. : ऑपरेशन थिएटर की अमेरिका?

“मुलगा एम.एस. करतोय,” हे वाक्य हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ऐकलं तर मुलगा सर्जन होतोय. तेच वाक्य इंजिनिअरिंग कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकलं तर तो बहुतेक अमेरिकेला निघालाय. पहिलं ‘मास्टर ऑफ सर्जरी’, दुसरं ‘मास्टर ऑफ सायन्स’. काही आय.आय.टी.त संशोधनावर भर देणारं तिसरं एम.एस.ही आहे. त्यात वर्गातले पेपर कमी आणि प्रबंधाचं काम जास्त. पुढे पीएच.डी. करायची किंवा कंपनीच्या संशोधन विभागात जायचं, असं ज्यांचं ठरलंय त्यांना ते मानवतं. डॉक्टरांच्या एम.डी.चीही एक गंमत आहे. तिच्या नावात ‘डॉक्टर’ असलं तरी आपल्याकडे ती एम.बी.बी.एस.नंतरची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवीच आहे.

3. टिळकांनी एम.ए. अर्धवट सोडलं

मुंबई विद्यापीठ 1857 साली सुरू झालं आणि 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावं होती. भांडारकर पुढच्याच वर्षी एम.ए. झाले, रानडे 1864 साली. रानडे त्यानंतर एलएल.बी. होऊन न्यायासनावर बसले आणि भांडारकर संस्कृतच्या संशोधनात रमले. बी.ए.ची तुकडी एकच, वाटा मात्र दोन.

लोकमान्य टिळक 1877 साली डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. एम.ए.ला नाव घातलं, ते मध्येच सोडलं आणि 1879 साली एलएल.बी. झाले. त्यानंतरही वकिलीची सनद घेऊन बसण्याऐवजी 1880 साली सहकाऱ्यांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं. चुकीच्या पदवीत पहिलं वर्ष गेलं म्हणून दुसरंही त्यातच घालवलं पाहिजे, असं समजणाऱ्यांनी हा दाखला जरूर लक्षात ठेवावा.

4. अर्थशास्त्र : एम.ए. की एम.एस्सी.?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे दोन्ही होत्या. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते 1913 साली न्यूयॉर्कला गेले आणि 1915 साली कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. विषय होता प्राचीन भारतातला व्यापार. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून 1921 साली त्यांनी एम.एस्सी. मिळवली, तीही अर्थशास्त्रातच. तिचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा अर्थकारभार. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून त्यांनी डी.एस्सी. मिळवली आणि 1925 साली चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे त्याच विषयावर साक्ष दिली. पदवीसाठी केलेला अभ्यास दोन वर्षांत देशाच्या धोरणाच्या चर्चेत पोचला.

आजही दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अर्थशास्त्राचं एम.ए. देते, तर पुण्याची गोखले संस्था एम.एस्सी. नावावरून त्यातलं कमी-जास्त ठरवू नका. अभ्यासक्रमात गणित किती आहे, इकॉनोमेट्रिक्सचे पेपर किती आहेत आणि सॉफ्टवेअरवर खऱ्या आकडेवारीचं काम करून घेतात का, हे बघा. बँका, सल्लागार कंपन्या आणि संशोधन संस्था मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

5. प्रबंधातून पुस्तक, अर्थशास्त्रज्ञाकडून कारखाना

धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला एम.लिट. करत होते. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध 1924 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपात काढला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी तो पाठ्यपुस्तकासारखा वाचला. 1930 साली गोखले संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालक गाडगीळच झाले. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचं अध्यक्षपद सुरुवातीच्या काळात याच प्राध्यापकाने सांभाळलं. प्रवरेकाठचा शेतकरी आणि केंब्रिजचा अर्थशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले, आणि महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीने बाळसं धरलं. डिझर्टेशन ही चौथ्या सेमिस्टरला कशीतरी उरकायची गोष्ट नव्हे, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा!

6. एम.बी.ए., एम.एम.एस., पी.जी.डी.एम. : तीन नावं, एकच शर्यत

जगातला पहिला एम.बी.ए. अभ्यासक्रम हार्वर्डने 1908 साली सुरू केला. आपल्याकडे कोलकाता आणि अहमदाबादच्या आय.आय.एम. 1961 साली निघाल्या, पण पुढची पन्नासहून अधिक वर्षं तिथल्या विद्यार्थ्यांना पदवी मिळतच नव्हती, मिळायचा तो डिप्लोमा. कारण सोपं आहे. पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांना असतो. आय.आय.एम.ना तो 2017च्या कायद्याने मिळाला आणि मग त्या एम.बी.ए. देऊ लागल्या. जमशेदपूरची एक्स.एल.आर.आय. किंवा अंधेरीची एस.पी. जैन यांसारख्या नावाजलेल्या संस्था पी.जी.डी.एम.च देतात आणि कंपन्या त्यांच्या दारात रांगा लावतात.

मग एम.एम.एस. कुठून आलं? हे मुंबई विद्यापीठाचं ‘मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज’. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत, म्हणजे 1965 साली सुरू झालेल्या ‘जे.बी.’त शिकलेल्यांच्या प्रमाणपत्रावर तेच छापलेलं असतं. खासगी नोकरीत या तिन्हींत फरक पडत नाही. पुढे पीएच.डी. किंवा सरकारी पद डोक्यात असेल तर मात्र आपल्या पी.जी.डी.एम.ला एम.बी.ए.ची समकक्षता आहे का, हे फी भरण्याआधी विचारून घ्या.

राज्याच्या एम.बी.ए. सीईटीत गेली अनेक वर्षं 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद! चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. सीईटीचा क्लास पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

7. नागपाड्यातून निघालेली पदवी

समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण भारतात सुरू झालं ते मुंबईच्या नागपाड्यात, 1936 साली. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ट्रस्टने ‘ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ काढलं. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आपली ‘टिस’. दुसरीकडे एम.एस.डब्ल्यू. म्हणतात ती पदवी टिसमध्ये ‘समाजकार्यातलं एम.ए.’ म्हणून मिळते.

ही पदवी घेतलेला माणूस काय करतो, हे बघायचं तर मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाच्या खोलीबाहेर तासभर उभं राहा. डायलिसिसवर असलेल्या तरुणाची बायको प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येते. रेशनकार्ड गावचं, आधारवर पत्ता मुंबईचा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा. अधीक्षक आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसतो का ते पाहतो. नाही बसला, तर धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी राखून ठेवायच्या दहा टक्के खाटांची चौकशी करतो. मग ट्रस्टच्या अर्जांचा गठ्ठा काढतो आणि कोणत्या ट्रस्टला डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं पत्रक लागतं, कोणाला रेशनकार्डाची झेरॉक्स, हे एकेक करून त्या बाईला समजावतो. हे करताना तिच्या चेहऱ्यावरची भीतीही त्याला वाचावी लागते. केसवर्क नावाचा पेपर इथे रोज नव्याने सोडवला जातो.

रुग्णालयाबाहेरही या पदवीला मागणी आहे. 1948च्या कारखाने कायद्याने 500 कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, आणि 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. त्या पैशाचे प्रकल्प आखायला आणि गावात जाऊन तपासायला माणसं लागतात.

8. ₹ कुठे शिकला?

आय.आय.टी. मुंबईत, पवईच्या तलावाजवळ. 2010 साली देशाने स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह डी. उदय कुमार यांचं. आय.आय.टी.च्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी एम.डेस. केलं आणि पीएच.डी.ही तिथेच. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच आकारात, वर शिरोरेषा. 1969 साली सुरू झालेल्या याच केंद्रात र. कृ. जोशी शिकवत. विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी मजकूर ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये दिसला, तो त्यांनीच घडवला.

एम.डेस.ची प्रवेश परीक्षा म्हणजे ‘सीड’. बारावीनंतर किमान तीन वर्षांचा कोणताही पदवी किंवा डिप्लोमा अभ्यासक्रम केलेला उमेदवार ती देऊ शकतो, वयाची अट नाही. इंजिनिअर, आर्किटेक्ट, जे.जे.चा चित्रकार, सगळे एकाच रांगेत. पुढची कामं गाड्यांच्या आरेखनापासून मोबाइल ॲपच्या पडद्यांपर्यंत, आणि खेळण्यांपासून दवाखान्यातल्या उपकरणांपर्यंत पसरलेली आहेत.

9. शिकता शिकता दरमहा 12,400

गेटच्या गुणांवर मान्यताप्राप्त एम.टेक.ला प्रवेश मिळाला, की विद्यार्थ्याला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. त्या बदल्यात आठवड्याला काही तास विभागाचं काम करायचं : प्रयोगशाळेत ज्युनिअरना मदत, ट्युटोरियल घेणं, उत्तरपत्रिका तपासणं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि बऱ्याच सार्वजनिक कंपन्या त्याच गुणांवर थेट नोकरीला घेतात. त्यामुळे गेट देणाऱ्यांत एम.टेक. करण्याचा विचारही नसलेले पुष्कळ असतात. आणि एम.ई. की एम.टेक.? मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत एम.ई., आय.आय.टी.त एम.टेक. नोकरीच्या जाहिरातीत या दोन्ही पदव्या बहुधा शेजारी-शेजारीच छापलेल्या असतात.

10. एका जाहिरातीचं पोस्टमॉर्टेम

‘सहायक प्राध्यापक पाहिजेत.’ ही चौकोनी जाहिरात नीट वाचली तर पुढच्या पाच वर्षांचा नकाशा हाती लागतो. पहिली ओळ : संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी, किमान 55 टक्के. राखीव प्रवर्गाला 50 टक्के. 54.9ला 55 समजत नाहीत, म्हणून पहिल्या सेमिस्टरच्या इंटर्नलचे गुणही हलक्यात घ्यायचे नसतात. ‘संबंधित विषयात’ हे दोन शब्द तर लाखमोलाचे. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. केलेल्याला वनस्पतिशास्त्राच्या जागेवर उभं करतील की नाही, हे याच दोन शब्दांवर ठरतं.

दुसरी ओळ : नेट, सेट किंवा नियमानुसार पीएच.डी. यूजीसी नेट देशभर वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांची सेट घेतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, सगळ्यांना सारखा. दुसरा आपल्या विषयाचा, 100 प्रश्नांचा. सेटला वयाची अट नाही. चाळिशीतले, बारा-पंधरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलेले शिक्षक आणि नुकतीच एम.ए. झालेली मुलगी एकाच बाकावर बसून ती देतात. नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळवायची तर खुल्या गटाला 30 वर्षांची मर्यादा आहे. 2023पासून या फेलोशिपची रक्कम दरमहा 37,000 रुपये आहे.

एक सुखद धक्का सनदी लेखापालांसाठी : 2021 साली यूजीसीने सी.ए., सी.एस. आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या तोडीच्या मानल्या. सी.ए. झालेल्याला नेटसाठी वेगळं एम.कॉम. करायची गरज उरली नाही.

11. मास्टर्सशिवाय फॉर्मच भरता येत नाही

कलेक्टर व्हायला मास्टर्स लागत नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा, एमपीएससीची राज्यसेवा, बँकेतलं पी.ओ.चं पद, या सगळ्यांना साधी पदवी पुरते. पण यूपीएससीच्याच इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्रातली किंवा तिच्या जवळच्या शाखेतली पदव्युत्तर पदवी लागतेच. भूवैज्ञानिकांच्या संयुक्त परीक्षेलाही तसंच. तिथे भूशास्त्र, भूभौतिकी, रसायनशास्त्र असल्या विषयांतलं मास्टर्स नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. उलट, इकॉनॉमिक सर्व्हिसची जुळी बहीण समजली जाणारी इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस संख्याशास्त्र घेतलेल्या पदवीधरालाही प्रवेश देते.

आपल्या ज्युनिअर कॉलेजचे नियम आणखी स्पष्ट : अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. हवंच आणि जोडीला बी.एड. वकिलीचं नेमकं उलटं : कोर्टात उभं राहायला एलएल.बी., बार कौन्सिलची सनद आणि तिची परीक्षा पुरेशी. एलएल.एम. लागतं ते मुख्यतः कायदा शिकवायला. ते एका वर्षात करण्याची सोय यूजीसीने 2013 साली दिली.

12. मानसशास्त्राच्या वाटेवरचं वळण

मानसशास्त्रात एम.ए. केलं, पाटी लावली, रुग्ण यायला लागले, असं पुष्कळांना वाटतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमानंतरच मिळते. अशा अभ्यासक्रमांत जागा मोजक्याच असतात आणि चुरस मोठी. शाळेतलं समुपदेशन, कंपन्यांचं मनुष्यबळ खातं, संशोधन, या वाटा एम.ए.नंतर खुल्याच आहेत. दवाखानाच डोळ्यांसमोर असेल तर मान्यतेच्या अभ्यासक्रमांची यादी एम.ए.ला नाव घालण्याच्या आधीच चाळा.

13. इतिहासाचं एम.ए. आणि मोडीची चलती

“इतिहासात काय स्कोप?” हा प्रश्न 2023 साली महाराष्ट्राने स्वतःच सोडवला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या दप्तरांचे रुमाल सुटले. आतले कागद मोडीत! मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी बोलावणी येऊ लागली. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह, जमिनींची जुनी खतं, सगळीकडे ही लिपी लागते. गोव्यात तिची जागा पोर्तुगीज घेते. 1595 सालापासूनची परंपरा सांगणारं गोव्याचं पुराभिलेखागार पोर्तुगीज कागदांनी भरलेलं आहे, आणि ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठात कोकणी, मराठी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांत एम.ए. करता येतं. एम.ए.च्या जोडीला एक दुर्मीळ कौशल्य असलं की पदवीची किंमत दुप्पट होते.

14. दोनाचं एक, तिनाचं दोन

पदव्यांचे कालावधी सध्या झपाट्याने बदलताहेत. एम.सी.ए. तीन वर्षांचं होतं, ते 2020-21पासून दोन वर्षांचं झालं. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्याला मास्टर्स एका वर्षात पूर्ण करता येतं. तीन वर्षांची पदवी असेल तर दोन वर्षं, आणि पहिल्या वर्षानंतर थांबलात तर हाती पी.जी. डिप्लोमा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पहिल्याच वर्षात संशोधन पद्धतीचा पेपर आणि ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्प आणलाय, प्रत्येकी चार क्रेडिटचा. हे ट्रेनिंग नात्यातल्या कुणाच्या ऑफिसातून सही-शिक्का आणून उरकू नका. पहिल्या नोकरीची ओळख बहुतेकदा तिथेच होते.

एम.फिल. बहुतेक विषयांत बंद झालं. 2022पासून दोन पदव्या एकाच वेळी घेण्याची मुभा मिळाली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारख्या मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी यूजीसी नियमित पदवीच्या बरोबरीची मानते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी हा मोठा आधार आहे.

आणि ज्यांना बारावीलाच मूलभूत विज्ञान भुरळ घालतं, त्यांच्यासाठी पाच वर्षांचा सलग मार्ग आहे : पुण्याच्या आयसरचं बी.एस.-एम.एस. किंवा कालिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्राचं इंटिग्रेटेड एम.एस्सी.

15. विमानाचं तिकीट काढण्याआधी

ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षात संपतं. राहण्या-खाण्याचा खर्च वाचतो, पण सप्टेंबरात पोचलात की दिवाळीपर्यंत नोकरीचे अर्ज सुरू करावे लागतात. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष काम करायची परवानगी मिळते. अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तर त्यात आणखी 24 महिन्यांची भर. इथे खरी मेख आहे. साधं अर्थशास्त्र एका कोडखाली येतं आणि ‘इकॉनोमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्र’ दुसऱ्या. त्या एका कोडने दोन वर्षांचा फरक पडतो. प्रवेश घेण्याआधी कोड विचारा, संकोच करू नका.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे प्रत्येक सेमिस्टरला 1500 युरो द्यावे लागतात. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच एका खात्यात बंद करून दाखवावे लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या तपासणीचं ए.पी.एस. प्रमाणपत्रही लागतं, आणि ते मिळायला वेळ लागतो. वर्ग इंग्रजीत भरत असले तरी नोकरी शोधताना जर्मन लागते, म्हणून मॅक्सम्युलर भवनचा क्लास आधीच लावलेला बरा.

16. नकार पचवून केलेलं एम.एस्सी.

1933 साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेल्या कमला भागवतांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाईमाणसाला संशोधनाला घ्यायला नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत. कारण विचारत राहिल्या आणि शेवटी अटींवर, एका वर्षाच्या परीक्षाकाळासाठी त्यांना प्रवेश मिळाला. 1936 साली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केलं आणि 1939 साली केंब्रिजहून पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढे कमला सोहोनी या नावाने त्यांनी नीरेवर काम केलं, मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या पोषणासाठी. त्यांनी काम करून दाखवल्यावर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

त्याच्या काही वर्षं आधी, 1928 साली, इरावती कर्व्यांनी मुंबईत प्राध्यापक घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्राचं एम.ए. केलं, मग बर्लिनला जाऊन मानवशास्त्राची पीएच.डी. मिळवली. या दोघींनी विषय निवडताना बाजारभाव बघितला नाही. विषयाची ओढ आणि त्याला साजेसा गुरू, एवढंच बघितलं. ज्यांना संशोधनातच जायचंय त्यांनी कॉलेजच्या इमारतीऐवजी गाइडची यादी बघावी ती याचसाठी.

17. फॉर्मचं ‘सबमिट’ दाबण्याआधी

आता तुमची पाळी. एका कागदावर मनातल्या तीन नोकऱ्या लिहा आणि प्रत्येकीच्या दोन-दोन खऱ्या जाहिराती शोधा. त्यांत पदवीचं नाव काय छापलंय, टक्के किती, नोंदणी किंवा परीक्षा कोणती, हे जसंच्या तसं उतरवून काढा. मग ती पदवी देणारं विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, तंत्रशिक्षण किंवा व्यवस्थापन असेल तर एआयसीटीईची मान्यता आहे का, ते तपासा. मागच्या तीन तुकड्यांतली मुलं सध्या कुठे आहेत, हे विभागात जाऊन माजी विद्यार्थ्यांनाच विचारा. प्लेसमेंटच्या पत्रकावर छापलेल्या सर्वांत मोठ्या पॅकेजपेक्षा मधल्या मुलाला काय मिळालं, ते जास्त मोलाचं. फीच्या जोडीने दोन वर्षं न कमावल्याचा हिशेबही मांडा, आणि तो आई-बाबांसमोर मोकळेपणाने ठेवा.

एवढं करूनही मन एखाद्या विषयाकडेच ओढ घेत असेल, तर बेलाशक तोच घ्या. फक्त त्या विषयाच्या पाच जाहिराती आजच वाचून ठेवा, म्हणजे दोन वर्षांत नेमकं काय कमवायचंय ते पहिल्या दिवसापासून माहीत असेल. मास्टर्स हे आयुष्यातलं बहुधा पहिलं शिक्षण, जे तुम्ही पूर्णपणे स्वतःच्या मर्जीने निवडता. ती मर्जी माहितीच्या भक्कम पायावर उभी असू द्या.